वैद्यकासाठीं समुद्रापार

१८८३ सालच्या फेब्रुवारी महिन्याची २४ तारीख. बंगालमध्यें हुगळीच्या कांठीं असलेल्या श्रीरामपूर येथील कॉलेजांत त्या दिवशीं एक सभा भरली होती, आणि तींत इंग्रजींतून भाषण करावयास उभी राहिली होती अठरा वर्षेंहि पुरीं न झालेली एक महाराष्ट्रीय स्त्री. पोस्टखात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्या या पत्नी आनंदीबाई. नवऱ्याची बदली होईल तिकडे, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे मुक्काम करीत त्या श्रीरामपुरास येऊन पोंचल्या होत्या. त्या एकट्याच अमेरिकेस जाऊन वैद्यक शिकणार ही वार्ता पसरल्यापासून लोक जे प्रश्न विचारीत होते ते त्यांनीं सहा कलमांत मांडले आणि एकेकाचें उत्तर दिलें.

अमेरिकेसच कां जावयाचें? हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय? एकटीनें कां जावयाचें? परत आल्यावर जातीनें बहिष्कार घातला तर काय? परदेशीं कांहीं बरेंवाईट झालें तर? आणि आजवर कोणा हिंदु स्त्रीनें जें केलें नाहीं तें हिनेंच कां करावें?

यांतील बहुतेक प्रश्नांस धैर्यानें उत्तर देतां येतें. दुसऱ्यास माहितीच लागते. हिंदुस्थानांत त्या वेळीं सोय अगदींच नव्हती असें नाहीं. मद्रासच्या मेडिकल कॉलेजनें १८७५ सालींच स्त्रियांस आंत घेतलें होतें, आणि सुइणींचे वर्ग इतरत्रहि चालत होते. आनंदीबाईंनीं हें नाकारलें नाहीं. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, शिकविणाऱ्या पुरुषांचा कल जुन्या विचारांकडे आहे, आणि पुस्तकें घेऊन रस्त्यानें जाणाऱ्या हिंदु बाईस येणारे-जाणारे जें बोलतात व जसें पाहतात तें सोसून अभ्यास करणें कठीण आहे. मुंबईंत आणि कलकत्त्यांत त्यांनीं तें सोसलें होतें. परदेशीं जाण्याचें एक मोठें कारण असें घरच्याच रस्त्यांवर होतें.

येथें इतिहासानें एक चमत्कारिक योग घडविला आहे. त्याच १८८३ सालीं मुंबईस सोराबजी शापुरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज नांवाचे एक अमेरिकन व्यापारी यांनीं स्त्रियांस वैद्यकीय मदत मिळावी म्हणून निधि उभारला. ग्रँट मेडिकल कॉलेजनें स्त्रियांस प्रवेश देऊं केला. कामा रुग्णालयाचा पाया घातला गेला. आणि डिसेंबरांत एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईच्या बंदरांत उतरली. आनंदीबाई तेव्हां फिलाडेल्फियास पहिल्या सत्राच्या अभ्यासांत गुंतल्या होत्या. आठ-दहा महिने थांबल्या असत्या तर समुद्र ओलांडावाच लागला नसता, असें कोणी म्हणेल. म्हणणें सोपें आहे. उघडलेलें दार उघडेंच राहील अशी हमी त्या वेळीं कोणी देऊं शकत नव्हतें. आणि सरकारी नोकराची बायको बदलीच्या हुकमाप्रमाणें गांव सोडते, कॉलेजचें सत्र पाहून नव्हे.

वैद्यकासाठीं समुद्र ओलांडणारे विद्यार्थी आपल्या देशांत पूर्वीं झालेच नव्हते असें मात्र समजूं नये. १८४५ च्या मार्च महिन्यांत कलकत्ता मेडिकल कॉलेजचे चार बंगाली विद्यार्थी आपले अध्यापक डॉ. गुडीव्ह यांच्याबरोबर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकावयास निघाले. त्यांतील दोघांचा खर्च रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर यांनीं उचलला होता. चौघांत सर्वांत पुढें गेला तो सूर्यकुमार चक्रवर्ती. १८४९ सालीं त्यानें लंडन विद्यापीठाची एम्. डी. पदवी मिळविली, आणि १८५५ सालीं इंडियन मेडिकल सर्व्हिसची पहिली खुली परीक्षा झाली तेव्हां तींत उतरून तो त्या सेवेंत शिरला. कर्तृत्वांत कोठेंच उणें नाहीं. पण लंडनच्या मुक्कामांत त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आपल्या गुरूचें गुडीव्ह हें नांव स्वतःच्या नांवांत घातलें. ज्याची त्याची श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यावर येथें मत देण्याचें कारण नाहीं. परंतु परदेशीं विद्या मिळते ती माणूस बदलल्यावांचून मिळत नाहीं, ही समजूत अशा उदाहरणांनीं घट्ट झाली, आणि तिचें ओझें पुढें चाळीस वर्षांनीं निघालेल्या स्त्रियांस वाहावें लागलें.

आनंदीबाई निघाल्या त्याच एप्रिल महिन्यांत पंडिता रमाबाईहि मुंबईहून इंग्लंडास निघाल्या होत्या. त्यांच्याहि मनांत वैद्यकच शिकावयाचें होतें, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत राहिलेली नाहीं. श्रवणदोषामुळें तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ही बातमी इकडे आल्यावर पुण्यांत काय चर्चा झाली असेल आणि फिलाडेल्फियांतल्या दुसऱ्या ब्राह्मण विद्यार्थिनीकडे लोकांचे डोळे कसे लागले असतील, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

आनंदीबाईंच्या बाबतींत तर हा प्रश्न अगदीं आरंभापासूनच उभा होता. १८७८ सालीं, म्हणजे त्या तेरा वर्षांच्या असतांना, गोपाळरावांनीं वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. वाइल्डर यांनीं पूर्वीं कोल्हापुरास काम केलें होतें. पत्नीला शिकवावयाची आहे, अमेरिकेंत आपल्या उदरनिर्वाहाची कांहीं सोय लागेल काय, अशी विचारणा त्यांत होती. उत्तराचा मथितार्थ असा कीं, प्रथम ख्रिस्ती व्हावें. गोपाळरावांनीं तें मानलें नाहीं, आणि प्रकरण तेथेंच मिटावयाचें. परंतु वाइल्डर यांनीं तो पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापला. न्यू जर्सी संस्थानांत रोझेल नांवाचें गांव आहे. तेथील थिऑडिशिया कार्पेंटर नांवाची गृहिणी १८८० सालीं दांतांच्या डॉक्टराकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली असतां तें मासिक तिच्या हातीं लागलें. तिला मिशनऱ्याचें उत्तर रुचलें नाहीं, पण शिकावयास निघालेली मुलगी मनांत भरली, आणि तिनें हिंदुस्थानांत पत्र धाडलें. त्यांतून जो पत्रव्यवहार सुरू झाला तो तीन वर्षें अखंड चालला. आनंदीबाई तिला मावशी म्हणूं लागल्या. दोघींनीं एकमेकींस पाहिलें नव्हतें, आणि तरी एका घराचें दार उघडें आहे हें आनंदीबाईंस निघण्यापूर्वींच ठाऊक होतें.

परदेशीं शिकणाऱ्याच्या इतिहासांत या घराला जितकें महत्त्व द्यावयास हवें तितकें सहसा कोणी देत नाहीं. आपण शिष्यवृत्तीचा आंकडा विचारतों, कॉलेजचें नांव विचारतों. सुटी लागल्यावर विद्यार्थी कोठें जातो, ताप आला तर उशाशीं कोण बसतें, हें विचारीत नाहीं. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनीं धर्माची अट घातली नाहीं, पाहुणीच्या जेवणाखाण्याच्या नियमांत हात घातला नाहीं, आणि तिच्या आजारपणांत तिला आपल्या घरीं नेलें. मिशनची मदत जेथें अडली होती तेथें एका कुटुंबानें मार्ग काढला. आनंदीबाईंचें शिक्षण ज्या कांहीं आधारांवर उभें राहिलें त्यांत हा पहिला धरला पाहिजे.

पैशाची जुळवाजुळव सोपी नव्हती. आनंदीबाईंनीं सोन्याच्या बांगड्या विकल्या. श्रीरामपूरच्या भाषणानंतर कांहीं मंडळींनीं वर्गणी पाठविली. गोपाळरावांस बरोबर जाणें शक्य नव्हतें, कारण त्यांच्या पगारावर घरचीं माणसें अवलंबून होतीं. श्रीरामपुरच्या सभेंत एकटीनें जाण्याविषयींच्या प्रश्नास आनंदीबाईंनीं दिलेलें उत्तर हेंच होतें. हिंदु म्हणून जाणार आणि हिंदु म्हणूनच परत येणार, असेंहि त्यांनीं त्या सभेंत सांगितलें. ७ एप्रिल १८८३ रोजीं ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या आगबोटीनें त्या निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कास पोंचल्या. बंदरावर मावशी उभी होती.

ज्या वैद्यकशाळेंत त्या गेल्या तिचीहि थोडी हकीकत सांगितली पाहिजे. कारण तीहि आपल्या गांवीं उपरीच होती. पेनसिल्व्हेनियाचें स्त्रियांचें मेडिकल कॉलेज १८५० सालीं फिलाडेल्फियास स्थापन झालें, आणि त्याच्या पाठीशीं मुख्यतः क्वेकर पंथाचे लोक होते. स्त्रियांस डॉक्टरची पदवी देण्यासाठींच निघालेल्या जगांतील अगदीं पहिल्या संस्थांत त्याची गणना होते. शहरांतील डॉक्टरांच्या संघटनेनें १८५८ सालीं ठराव करून या कॉलेजच्या अध्यापकांशीं व्यवसायाचा संबंध ठेवूं नये असें ठरविलें. १८६९ सालच्या नोव्हेंबरांत येथील विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलांत रोगी पाहून शिकण्यासाठीं प्रथम गेल्या, तेव्हां पुरुष विद्यार्थ्यांनीं आरडाओरड करून, कागदाचे बोळे आणि तंबाखूची थुंकी उडवून त्यांचें स्वागत केलें. फिलाडेल्फियांतील हा प्रकार वाचला कीं कलकत्त्याचे रस्ते आठवतात. मात्र फिलाडेल्फियाच्या स्त्रियांनीं त्यापूर्वींच, १८६१ सालीं, स्त्रियांचें स्वतंत्र रुग्णालय उभारलें होतें, आणि शिकण्यासाठीं दुसऱ्याच्या दयेवर सर्वस्वीं अवलंबून राहण्याची पाळी त्यांच्यावर येत नव्हती. फरक पडला तो येथें.

या कॉलेजचा हिंदुस्थानाशीं संबंध आनंदीबाईंच्या आधींच जडला होता. १८६९ सालीं येथून पदवी घेतलेल्या क्लॅरा स्वेन १८७० सालीं मिशनच्या वतीनें बरेलीस आल्या आणि त्यांनीं तेथें स्त्रियांवर उपचार सुरू केले. फिलाडेल्फियाहून डॉक्टरिणी हिंदुस्थानाकडे पाठवाव्या असा ओघ होता. त्याच वाटेनें उलट दिशेनें कोणी हिंदु स्त्री येईल आणि डॉक्टरीण होऊन परत जाईल ही कल्पना मुख्याध्यापिका रेचल बॉडली यांस मोठी आकर्षक वाटली असली पाहिजे. बॉडली या रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. आपल्या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या डॉक्टरिणी पुढें काय करितात याची माहिती त्यांनीं १८८१ सालीं पत्रें धाडून पद्धतशीरपणें गोळा केली होती. म्हणजे नुसत्या भावनेवर चालणारी ही बाई नव्हे. त्यांनीं आनंदीबाईंस प्रवेश दिला, शिष्यवृत्तीची सोय केली, आणि पुढें तीन वर्षें आईप्रमाणें त्यांजवर लक्ष ठेविलें.

१८८३ च्या ऑक्टोबरांत अभ्यास सुरू झाला. शरीररचना, शरीरव्यापार, रसायन, औषधिविज्ञान, प्रसूतिशास्त्र, आणि त्यांबरोबर प्रेतांचें विच्छेदन. विच्छेदनाचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या मुलीनें प्रेतास हात लावावयाचा, आणि खोलीवर येऊन आपलें शाकाहारी जेवण आपण रांधावयाचें! शाकाहार त्यांनीं सोडला नाहीं. लुगडेंहि सोडलें नाहीं. मात्र नऊवारी नेसल्यानें पोटऱ्या थंडीस उघड्या पडतात म्हणून पुढें गुजराती पद्धतीनें साडी नेसावयास आरंभ केला. आज हा बदल क्षुल्लक वाटेल. त्या काळीं त्यावर पत्रव्यवहार झाला. नेसण्याची तऱ्हा बदलली म्हणजे मनहि बदललें कीं काय, अशी शंका हजारों मैलांवरून घेतां येत होती.

थंडी हा खरा शत्रु ठरला. फिलाडेल्फियाचा हिवाळा बर्फाचा. खोलींतली शेगडी नीट पेटत नसे. पेटविली तर धूर, न पेटविली तर गारठा, यांतून एक पत्करावयाचें. श्रीरामपुरास असतांनाच त्यांस ताप, डोकेदुखी, अशक्तता हीं दुखणीं जडलीं होतीं. त्यांतच अपुरें अन्न आणि दिवसाचे कित्येक तास अभ्यास. तीन वर्षांचा हा क्रम निरोगी माणसासहि जड गेला असता.

गोपाळरावांविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, त्यांच्यावांचून आनंदीबाई झाल्याच नसत्या. कोणी म्हणतात, त्यांनींच त्यांचा बळी घेतला. पहिल्या मतांत तथ्य आहे. ज्या काळीं बायकोनें पुस्तक हातीं धरलें तर घरांत वादळ उठे, त्या काळीं बायको स्वयंपाकघरांत दिसली तर संतापणारा हा नवरा होता. पण त्याचा संताप शब्दांवर थांबत नसे. अमेरिकेंतून नवऱ्यास लिहिलेल्या एका पत्रांत आनंदीबाईंनीं बालपणींच्या मारहाणीचा उल्लेख शांतपणें, कोठेंहि लपवाछपवी न करितां केला आहे, आणि त्याच पत्रांत, ती वागणूक बरी कीं वाईट याचा निकाल देणें अवघड आहे, असेंहि त्या म्हणतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें इतकें तोलून लिहावें हें विलक्षण आहे. काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें चरित्र आणि १९९७ सालीं प्रसिद्ध झालेला अंजली कीर्तने यांचा संशोधनग्रंथ यांमुळें हीं पत्रें मराठी वाचकांस उपलब्ध झालीं. तीं वाचल्यावर आनंदीबाई म्हणजे कोणाच्या तरी हातची बाहुली हा समज टिकत नाहीं. नवऱ्यानें दिशा दाखविली असेल. समुद्रापलीकडे, एकटीनें, परक्या भाषेंत प्रत्येक परीक्षा उतरली ती त्यांची त्यांनीं.

१० ऑक्टोबर १८८५ रोजीं काढलेलें एक छायाचित्र अलीकडे फार प्रसिद्धीस आलें आहे. त्यांत या कॉलेजच्या तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोषाखांत ओळीनें दिसतात. आनंदीबाई, जपानच्या ओकामी केई आणि दमास्कसच्या साबात इस्लांबूली. परदेशी विद्यार्थिनींनीं देशी वेष धारण करून समारंभास शोभा आणावी असा हेतु त्यामागें असेल. पाहणाऱ्यांस तें कौतुकाचें वाटलें असेल. पण चित्रांतील चेहरे शोभेच्या वस्तूंचे नाहींत. तिघीहि पदवीधर झाल्या, आणि आपापल्या देशांतील पाश्चात्य वैद्यकाच्या पहिल्या स्त्री पदवीधरांत तिघींचीं नांवें घेतलीं जातात. ओकामीबाईंनीं १८८९ सालीं पदवी घेतली आणि टोकियोच्या जिकेई रुग्णालयांत काम धरलें. जपानच्या सम्राटानें स्त्री-डॉक्टरची सेवा घेण्याचें नाकारल्यावर त्यांनीं तें काम सोडलें आणि पुढें स्वतःचा दवाखाना थाटला. इस्लांबूलीबाईंची पदवी १८९० सालची. परदेशी शिक्षण पुरें करून आलेल्या माणसास आपला देश काय काम देतो, हा प्रश्न एकट्या हिंदुस्थानापुरता नव्हता.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस एम्. डी. पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकें या दोहोंचा आधार त्यांनीं त्यांत घेतला. विषयाची ही निवड लक्षांत घेण्यासारखी आहे. परक्या देशांत परकी विद्या शिकून झाल्यावर, आपल्याकडे काय होतें याचा हिशेब त्यांनीं त्याच विद्यापीठापुढें मांडला. पदवीदानास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. १८८३ सालीं वैद्यकाच्या इच्छेनें निघालेल्या दोन स्त्रिया, एक ख्रिस्ती झालेली, एक हिंदु राहिलेली, एका सभागृहांत होत्या, आणि एकीच्या गळ्यांत दोघींच्याहि मनांतली माळ पडत होती. बॉडली यांनीं हें वृत्त व्हिक्टोरिया राणीस कळविलें, आणि राणीकडून अभिनंदनाचा निरोप आला.

कोल्हापूर संस्थानानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाच्या मुख्य डॉक्टरीण म्हणून त्यांची नेमणूक केली. जेथून आठ वर्षांपूर्वीं मिशनऱ्यास पत्र गेलें होतें त्याच गांवीं डॉक्टर होऊन परतावयाचें होतें. परंतु क्षयानें शरीर पोंखरलें होतें. गोपाळराव तोंवर अमेरिकेंत आले होते. दोघे ९ ऑक्टोबर १८८६ रोजीं न्यूयॉर्कहून निघाले आणि नोव्हेंबरच्या मध्यास मुंबईस उतरले. बहिष्काराची जी भीति श्रीरामपूरच्या सभेंत लोकांनीं घातली होती ती फोल ठरली. लोक त्यांस पाहावयास, भेटावयास येत होते. कोल्हापूरची जागा त्यांनीं एक दिवसहि सांभाळली नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्ष पुरें व्हावयास एक महिना उरला होता. त्यांच्या अस्थींची रक्षा अमेरिकेस कार्पेंटरमावशीकडे पाठविण्यांत आली, आणि न्यूयॉर्क संस्थानांतील पकीप्सी येथील स्मशानभूमींत त्या कुटुंबाच्या जागेंत तिला स्थान मिळालें.

ही हकीकत ऐकल्यावर दोष कोणास द्यावा हें ठरविण्याची घाई होते. थंडीस, शाकाहारास, नवऱ्यास. सत्य असें आहे कीं, क्षयाच्या जंतूचा शोध कॉख यांनीं १८८२ सालींच लावला असला तरी त्यावर गुणकारी औषध निघावयास आणखी साठ वर्षें जावीं लागलीं. हिंदुस्थानांतहि तो रोग तेव्हां घरोघरीं होता; रोग फिलाडेल्फियासच जडला असें ठामपणें म्हणतां येणार नाहीं. मद्रासेंत शिकून पुढें एडिंबरास गेलेल्या अॅनी जगन्नाथम् या तेलुगु भाषिक डॉक्टरीणबाई परत येऊन मुंबईच्या कामा रुग्णालयांत काम करूं लागल्या, आणि त्याहि १८९४ सालीं, तिशीच्या सुमारास, क्षयानेंच गेल्या. परदेशांतील हिवाळ्यानें आणि अर्धपोटीं अभ्यासानें झीज वाढविली एवढें मात्र निश्चित. पैशाची तरतूद करतांना प्रवासखर्च आणि फी यांचा हिशेब सर्वांनीं केला होता. गरम खोली, पोटभर मानवेल असें अन्न आणि आजारांत सत्र सोडण्याची मुभा, यांचा हिशेब कोणी केला नाहीं. तो करावयाचा असतो हें तरी तेव्हां कोणास ठाऊक होतें?

तो हिशेब थोडा अधिक नीट झालेला दिसतो तो रखमाबाईंच्या बाबतींत. दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं नांदण्यासाठीं लावलेला दावा, १८८७ च्या मार्चांतील नवऱ्याकडे जा नाहींतर सहा महिने कैद भोग हा हुकूम, कैद पत्करीन पण जाणार नाहीं हा त्यांचा निर्धार, आणि १८८८ सालीं २,००० रुपये देऊन झालेली तडजोड, हा सर्व भाग प्रसिद्धच आहे. पुढचा भाग तितका प्रसिद्ध नाहीं. आनंदीबाई गेल्या त्या वर्षीं मुंबईस आलेल्या एडिथ पीची यांनींच रखमाबाईंस वैद्यकाकडे वळविलें आणि पैसा जमविण्यास मदत केली. १८८९ सालीं त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेंत दाखल झाल्या. वय चोवीस, अंगीं खटल्यांत तावून निघालेला कणखरपणा, आणि वॉल्टर व एव्हा मॅक्लारेन या दांपत्याचा भक्कम आधार. शाळेच्या मुख्य होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, आणि रोगी पाहावयास रॉयल फ्री हॉस्पिटल खुलें होतें.

तरी तेथेंहि एक विचित्र अडचण होतीच. लंडनमध्यें शिकतां येत असे, पण लंडनच्या वैद्यांच्या आणि शस्त्रवैद्यांच्या रॉयल कॉलेजांनीं आपल्या परीक्षा स्त्रियांस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरपर्यंत खुल्या केल्या नाहींत. स्कॉटलंडच्या तीन वैद्यकसंस्थांची संयुक्त परीक्षा मात्र १८८६ सालापासून स्त्रियांस देतां येत होती. म्हणून लंडनांत शिकावयाचें, एडिंबरा-ग्लासगोचा परवाना घ्यावयाचा आणि एम्. डी. साठीं ब्रुसेल्सला जावयाचें, असा द्राविडी प्राणायाम तेथल्या कित्येक विद्यार्थिनी करीत. रखमाबाईंनींहि तो केला आणि १८९४ सालीं त्या पूर्ण डॉक्टर झाल्या. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांनीं त्याच सुमारास त्याच स्कॉटिश संस्थांचे परवाने मिळविले.

फिलाडेल्फियाची वाटहि आनंदीबाईंबरोबर बुजली नाहीं. त्याच कॉलेजांतून १८९२ सालीं दुसऱ्या महाराष्ट्रीय विद्यार्थिनी, गुरुबाई करमरकर, पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनें त्यांनीं मुंबईंत पुढें वीसांहून अधिक वर्षें वैद्यकीय काम केलें. त्या ख्रिस्ती होत्या. ज्या अटीपाशीं गोपाळरावांचें पहिलें पत्र अडलें ती त्यांच्यापुढें उभीच राहिली नाहीं. त्यामुळेंच कीं काय, मराठी घरांतून त्यांचें नांव फारसें ऐकूं येत नाहीं.

रखमाबाई परत आल्या त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयांत रुजू झाल्या. तेथें वीस वर्षांहून अधिक काळ, आणि नंतर राजकोटच्या रुग्णालयांत, असें पस्तीस वर्षें काम करून त्या निवृत्त झाल्या. आनंदीबाईंहून त्या चार महिन्यांनीं मोठ्या होत्या. १९५५ सालच्या सप्टेंबर महिन्यांत, वयाचीं नव्वद वर्षें ओलांडल्यावर, मुंबईस त्यांचें निधन झालें.